चष्मा, लेन्स की लेसर? ठरवण्याआधी आपल्या डोळ्याचे गणित समजून घ्या

"डॉक्टर, लेसर केल्यावर नंबर पूर्ण जाईल ना?" ओपीडीत जवळजवळ रोज ऐकू येणारा हा प्रश्न. परीक्षा संपल्या की, आणि लग्नसराई जवळ आली की, तो जास्तच ऐकू येतो. बहुतेकांच्या बाबतीत त्याचे उत्तर 'हो' असेच असते. जगभरातील अभ्यास एकत्र करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात लेसिक केलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या निर्णयावर समाधानी होते. वैद्यकशास्त्रात इतके समाधान देणाऱ्या शस्त्रक्रिया फार नाहीत.

पण हा आकडा आधी नीट तपासून निवडलेल्या डोळ्यांचा आहे. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न वेगळा असतो: माझा डोळा या शस्त्रक्रियेला योग्य आहे का?

मोतीबिंदू पिकला तर शस्त्रक्रियेला पर्याय नसतो. इथे तसे नाही. चष्मा लावून ज्याला शेवटची ओळ स्वच्छ वाचता येते, अशा निरोगी डोळ्यावर आपण शस्त्रक्रिया करायला निघालेलो असतो. आजारी डोळ्यासाठी आपण जी जोखीम पत्करू, ती इथे पत्करणे बरोबर नाही. शंका असली तर थांबावे, हा नियम या शस्त्रक्रियेइतका दुसऱ्या कुठल्याच नेत्रशस्त्रक्रियेला लागू नसेल.

लेसर नेमके काय बदलतो?

डोळ्याच्या समोर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हे पारपटल करते, उरलेले आतले नैसर्गिक भिंग. लांबचे अंधुक दिसणाऱ्या, म्हणजे उणे नंबर असलेल्या बहुतेकांचा डोळा मागच्या बाजूला थोडा लांबट असतो. त्यामुळे प्रतिमा मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. चष्म्याची काच प्रकाश आधीच थोडा पसरवून ही चूक भरून काढते. लेसर तेच काम पारपटलाचा मधला भाग किंचित सपाट करून करतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. लेसरने चष्मा जातो, डोळ्याचा लांबटपणा जात नाही. उणे ८ नंबरचा डोळा लेसरनंतरही आतून उणे ८ चाच डोळा राहतो. अशा डोळ्याचा मागचा पडदा ताणलेला, काही ठिकाणी विरळ असतो. तो फाटण्याचा आणि सुटण्याचा धोका, तसेच काचबिंदूचा वाढीव धोका, चष्मा गेल्यावरही तेवढाच असतो. "आता नंबर नाही, मग तपासणी कशाला?" असे म्हणून वर्षानुवर्षे न फिरकणारे रुग्ण मला जास्त काळजीचे वाटतात. चष्मा असता तर काच बदलण्याच्या निमित्ताने तरी ते आले असते.

यासाठी जो एक्सायमर लेसर वापरतात, तो १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश असतो. तो ऊतक जाळत नाही. रेणूंमधले बंध तोडून अतिशय पातळ थर उडवतो आणि शेजारच्या भागाला उष्णता जवळजवळ पोहोचत नाही. हा गुण लक्षात आला १९८१ मध्ये, अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत. मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी, जेम्स विन व सॅम्युएल ब्लम, हे त्यामागचे शास्त्रज्ञ. थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर श्रीनिवासन यांनी हा लेसर चालवून पाहिला आणि कडा न करपलेली, रेखीव चीर मिळाली. डोळ्यासाठी त्याचा वापर त्यानंतर काही वर्षांत सुरू झाला.

जाडीचे गणित

सगळा निर्णय ज्यावर उभा आहे ते पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. ही जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सर्वसाधारण डोळ्यात ती ५०० ते ५५० मायक्रॉनच्या आसपास असते.

नंबरच्या प्रत्येक एका डायॉप्टरसाठी लेसरला साधारण १२ ते १५ मायक्रॉन ऊतक काढावे लागते. लेसिकमध्ये त्याआधी सुमारे ११० मायक्रॉन जाडीची एक पापुद्र्यासारखी झडप उचललेली असते. ती परत जागेवर बसवली तरी पारपटलाच्या मजबुतीत तिचा पुढे फारसा हातभार नसतो. म्हणून झडप आणि काढलेला भाग वजा करून खाली किती शिल्लक राहिले, ते पाहायचे. हा शिल्लक थर २५० मायक्रॉनपेक्षा कमी होता कामा नये, आणि आज बरेच शल्यचिकित्सक ३०० च्या खाली जायला तयार नसतात.

आता दोन डोळे घेऊ. पहिल्याची जाडी ५४०, नंबर उणे ४. झडपेचे ११०, लेसरचे जास्तीत जास्त ६०, शिल्लक ३७०. चांगले. दुसऱ्याची जाडी ४९०, नंबर उणे ८. झडपेचे ११०, लेसरचे १२० पर्यंत, शिल्लक २६०. हा डोळा लेसिकसाठी नको. दोघी मैत्रिणी एकाच दिवशी तपासायला आल्या, एकीला 'हो' आणि दुसरीला 'नाही' म्हटले, तर त्यामागे बहुतेक वेळा हे असते. मैत्रिणीचे चांगले झाले यावरून तुमच्या डोळ्याबद्दल काहीच कळत नाही.

जाडी पुरेशी असली तरी काम संपत नाही. पारपटलाचा आकारही तपासावा लागतो.

न दिसणारा शत्रू: केराटोकोनस

काही लोकांचे पारपटल मुळातच कमकुवत असते आणि हळूहळू शंकूसारखे पुढे येत जाते. याला केराटोकोनस म्हणतात. तो सहसा किशोरवयात किंवा विशीत वाढतो आणि सुरुवातीला फक्त 'सिलिंड्रिकल नंबर वाढतोय' एवढेच जाणवते. अशा डोळ्यावर लेसर करून आणखी ऊतक काढले तर आधीच कच्ची भिंत आणखी पोखरल्यासारखे होते. पारपटल बाहेर येत जाते, नजर बिघडते आणि मग ती चष्म्यानेही नीट करता येत नाही. त्यासाठी क्रॉसलिंकिंग, कडक लेन्स, क्वचित पारपटल प्रत्यारोपण अशी वेळ येऊ शकते.

हा दोष आपल्याकडे दुर्मीळ समजू नका. नागपूर परिसरातील खेड्यांत तिशीपुढच्या लोकांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात वापरलेल्या निकषानुसार २.३ टक्के लोकांत केराटोकोनस आढळला. तो निकष सैल होता अशी टीका झाली आहे. तरीही तपासणी टाळावी असा काही तिचा अर्थ होत नाही.

ज्यांना ॲलर्जीमुळे डोळ्यांना खाज येते आणि जे मुठीने डोळे चोळतात, त्यांच्यात हा दोष जास्त दिसतो. त्यामुळे आई-वडिलांनी इथे मदत करावी. मुलगा किंवा मुलगी डोळे किती चोळते, हे ती स्वतः सांगत नाही, घरचे सांगतात. घरात कोणाला केराटोकोनस असेल तर तेही आवर्जून सांगा.

तो पकडण्यासाठी पारपटलाचा नकाशा काढतात. टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी या नावाने ही तपासणी होते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्याआधी लेन्स बंद ठेवायला हव्यात: मऊ लेन्स साधारण एक ते दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त. लेन्समुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा चुकीचा येतो. सकाळी लेन्स काढून दुपारी तपासणी आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया, अशी घाई कोणी करत असेल तर तिथून उठून या.

याशिवाय अश्रूंची तपासणी, अंधारात बाहुली किती मोठी होते याचे मोजमाप आणि औषध टाकून मागच्या पडद्याची तपासणी होते. त्या दिवशी दुचाकी चालवत येऊ नका, काही तास अंधुक दिसते आणि उजेडाचा त्रास होतो. पडद्यावर विरळ जागा किंवा छिद्र सापडले तर आधी त्यावर उपचार करावे लागू शकतात.

कोणती पद्धत?

लेसिकबद्दल वर आलेच. झडप उचलायची, खाली लेसर करायचा, झडप परत ठेवायची. भूल फक्त थेंबांची, प्रत्यक्ष लेसर मिनिटभराच्या आतला. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसते.

पीआरके ही त्याहून जुनी पद्धत. हिच्यात झडप नसते. वरची नाजूक त्वचा काढून थेट पृष्ठभागावर लेसर करतात. तीन-चार दिवस चांगलेच दुखते, डोळ्यातून पाणी येते आणि नजर स्थिर व्हायला काही आठवडे लागतात. जाहिरातीत ही मागे पडते, पण पातळ पारपटलासाठी आणि कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग खेळणाऱ्यांसाठी ती अधिक शहाणपणाची ठरू शकते. लेसिकची झडप वर्षांनंतरही जोरदार मार लागल्यास सरकू शकते; पीआरकेत सरकायला काही नसतेच.

स्माइल पद्धतीत फेम्टोसेकंद लेसरने पारपटलाच्या आत एक पातळ चकती कापून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. कमी नसा कापल्या जात असल्याने कोरडेपणा तुलनेने कमी राहतो. अधिक नंबरसाठी मात्र तिचा वापर आजही फारसा होत नाही. आणि नंबर फार मोठा किंवा पारपटल पातळ असेल तर डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगासमोर, कायमची लेन्स बसवण्याचा मार्ग असतो. त्याला आयसीएल म्हणतात. त्यात पारपटल कापून पातळ करायचे नसते, पण डोळ्याच्या आत जावे लागते आणि तिथे लेन्ससाठी पुरेशी जागा हवी.

सर्वांत महाग पद्धत ती सर्वांत चांगली, असा हिशोब इथे चालत नाही. केंद्राकडे एकच यंत्र असेल तर सल्लाही त्याच यंत्राचा मिळण्याची शक्यता असते. दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचे मत घ्यायला संकोच करू नका.

वय: अठराच्या आत नाही, आणि चाळिशीचा विचार

अठरा वर्षांच्या आत लेसर करत नाहीत. खरे तर वयापेक्षा नंबर स्थिर असणे महत्त्वाचे. गेल्या एक वर्षात तो अर्ध्या डायॉप्टरपेक्षा जास्त बदललेला नसावा. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात किंवा दिवसभर स्क्रीनसमोर असणाऱ्या काहींचा नंबर विशीतही वाढत राहतो. जुने चष्म्याचे कागद जपून ठेवले असतील तर ते इथे सोन्यासारखे उपयोगी पडतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना थांबावे, कारण या काळात नंबर आणि अश्रू दोन्ही बदलतात. मधुमेह आटोक्यात नसेल, संधिवातासारखा स्वप्रतिरक्षेचा आजार असेल किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा.

दुसऱ्या टोकाला चाळिशी. चाळिशीच्या आसपास आतल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे वाचायला चष्मा लागतो. लेसर हे थांबवू शकत नाही. ४३ वर्षांच्या, उणे २ नंबरच्या बाईंचे उदाहरण घ्या. त्या चष्मा काढून पेपर वाचतात, सुईत दोरा ओवतात, तांदूळ निवडतात. लेसरने लांबचा नंबर काढला की ही सोय जाते आणि प्रत्येक जवळच्या कामाला चष्मा शोधावा लागतो. लांबचा चष्मा देऊन जवळचा घेतला, एवढाच व्यवहार झाला. एक डोळा लांबसाठी आणि दुसरा थोडा जवळसाठी ठेवण्याची युक्ती असते, पण ती सर्वांना मानवत नाही. म्हणून आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स लावून तसे दिसते कसे, हे अनुभवून पाहावे.

लहानपणापासून एक डोळा आळशी असेल तर आणखी एक गोष्ट. चष्म्याने जेवढे दिसते तेवढेच लेसरने दिसेल, त्याहून जास्त नाही. आणि चांगला डोळा एकच असेल तर त्यावर हौसेची शस्त्रक्रिया करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लग्न, नोकरी आणि बाकीची कारणे

लग्न ठरवताना चष्म्याबद्दल बोलले जाते, हे खरे आहे, आणि मुलींबाबत जास्त. बऱ्याचदा मुलीऐवजी आई किंवा मावशीच प्रश्न विचारत असते. अशा वेळी मी मुलीला वेगळे विचारतो, "तुला काय हवंय?" कधी तिलाच चष्म्याचा कंटाळा आलेला असतो, मग पुढचे सोपे. कधी तिला भीती वाटत असते आणि ती बोलत नाही. इच्छा नसताना कोणाच्या डोळ्याला हात लावू नये. शिवाय साखरपुड्याच्या पंधरा दिवस आधी लेसर करू नका. डोळे लाल असतील, काजळ आणि मेकअप बंद असेल, दिव्यांभोवती वलये दिसतील. दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी तर आधी जाहिरात वाचावी. रेल्वेच्या सहायक लोको पायलटसारख्या पदांसाठी लेसिक झालेला उमेदवार वैद्यकीय निकषांत अपात्र ठरतो. चष्मा निघावा म्हणून केलेली शस्त्रक्रिया नोकरीच घालवू शकते आणि ती परत फिरवता येत नाही. सैन्यदलांत काही प्रवेशांसाठी वय, मूळ नंबर, शिल्लक जाडी आणि मध्ये गेलेला काळ अशा अटींवर परवानगी असते. प्रत्येक पदाचे निकष वेगळे असतात आणि बदलतात. मित्राने सांगितले म्हणून निर्णय घेऊ नका.

खर्चाबाबत एवढेच, की आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबरसाठीचा हा खर्च विम्यात मिळत नाही.

चष्मा आणि लेन्स यांची बाजू

चष्मा हा सर्वांत सुरक्षित पर्याय आहे. कॉन्टॅक्ट लेन्स मात्र 'शस्त्रक्रिया नाही म्हणजे धोका नाही' या समजुतीने वापरू नयेत. दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्यांत दर वर्षी दहा हजारांमागे साधारण ४ जणांना पारपटलाचा गंभीर जंतुसंसर्ग होतो. लेन्स लावून झोपणाऱ्यांत हे प्रमाण साधारण २० पर्यंत जाते. नळाच्या पाण्याने लेन्स धुणे, त्या घालून पोहणे, डबीतले द्रावण न बदलता वरून भर घालणे, या सवयी असतील आणि सुटत नसतील, तर अशा माणसासाठी योग्य डोळ्यावर केलेला लेसर अधिक सुरक्षित ठरू शकतो. हेही तितकेच खरे.

नंतरचे दिवस

लेसरने पारपटलाच्या बारीक नसा कापल्या जातात, म्हणून कोरडेपणा जवळजवळ सर्वांना येतो. बहुतेकांचा तो तीन ते सहा महिन्यांत कमी होतो, काहींचा रेंगाळतो. आधीच डोळे कोरडे असतील, दिवसभर एसीत संगणकावर काम असेल, तर हे आधी बोलून घ्या.

रात्री दिव्यांभोवती वलये किंवा किरणे दिसू शकतात. अमेरिकेत औषध प्रशासनाच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात, ज्यांना आधी असा कोणताही दृश्य त्रास नव्हता त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोकांना तीन महिन्यांनी एखादा तरी नवा त्रास जाणवला. रोजची कामे अवघड होण्याइतका त्रास मात्र एक टक्क्याहून कमी लोकांना होता. रात्री ट्रक किंवा टॅक्सी चालवणाऱ्याने हे दोन्ही आकडे लक्षात घ्यावेत.

पहिले काही आठवडे डोळा चोळायचा नाही, झोपताना संरक्षक कवच लावायचे, डोक्यावरून पाणी घेताना डोळ्यात जाऊ द्यायचे नाही, पोहणे आणि रंगपंचमी टाळायची. दिलेल्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असते. ते ठरलेल्या दिवसांनी थांबवा. बरे वाटले म्हणून मेडिकलमधून तीच बाटली पुन्हा आणत राहिल्यास डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. दुखणे वाढले, लाली वाढली, नजर अचानक कमी झाली किंवा डोळ्याला मार लागला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. आणि पुढे कधीही डोळ्यासमोर विजेसारखे चमकले, काळे ठिपके एकदम वाढले किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखा वाटला, तर तो मागच्या पडद्याचा इशारा असतो.

शेवटी एक कागदाची गोष्ट. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, पारपटलाची जाडी आणि नकाशा यांची प्रत मागून घ्या आणि फाइलमध्ये ठेवा. लेसरनंतर पारपटल पातळ झाल्याने डोळ्याचा दाब मोजताना प्रत्यक्षापेक्षा कमी येतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. तीस वर्षांनी मोतीबिंदू होईल, तेव्हा आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढतानाही हे जुने आकडे लागतात. तोवर ज्या केंद्रात शस्त्रक्रिया झाली ते चालू असेलच असे नाही. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि घरात आणखी एकाला तो पाठवून ठेवा.